पॅच पाठवल्यानंतर: लिनक्स कर्नलच्या देखभालीची पार्श्वभूमी

नागपुरात अभियांत्रिकी महाविद्यालयांची कमी नाही. व्हीएनआयटी आहे, काटोल रोडवरचं रामदेवबाबा आहे, हिंगणा रोडच्या बाजूची महाविद्यालयं आहेत, बुटीबोरीकडे ट्रिपल आयटी आहे. ऑपरेटिंग सिस्टिम्स हा विषय सगळीकडेच शिकवला जातो. पुस्तकातल्या शेड्यूलरच्या आकृतीवर ज्यांचं समाधान होत नाही अशी दोन-चार मुलं प्रत्येक बॅचमध्ये निघतातच. ती लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स उतरवून घेतात, एखाद्या ड्रायव्हरमधली (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधली) बारीक चूक शोधतात, पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, तयार करून ईमेलने पाठवतात आणि मग थांबतात. ‘का बे, काय झालं तुझ्या पॅचचं?’ ‘पडून आहे, वाट पाहून राहिलो.’ आयटी पार्कच्या रस्त्यावरच्या टपरीवर अशा गप्पा नव्या नाहीत.

उत्तर आलं नाही की मुलांना वाटतं, आपल्याला कोणी विचारत नाही. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. आलेला बदल कोणी वाचायचा, कोणी पुढे न्यायचा आणि चुकलं तर कोणी निस्तरायचं, हे ठरवण्यात कर्नलची तीन दशकं गेली आहेत. लिनक्सच्या इतिहासात कौतुक होतं ते लिहिणाऱ्यांचं. मला मात्र हा इतिहास सांभाळणाऱ्यांच्या बाजूने सांगावासा वाटतो.

सुरुवातीची गोष्ट बहुतेकांना पाठ असते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने मिनिक्स या शिकवण्यासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चर्चागटात कळवलं की आपण छंद म्हणून एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, ती काही ग्नूसारखी मोठी होणार नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या, मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम उभारण्याच्या ग्नू प्रकल्पाकडे कंपायलर होता, शेल होता, पण चालणारा कर्नल नव्हता. सप्टेंबरमध्ये आलेली ०.०१ आवृत्ती जेमतेम १० हजार ओळींची होती. पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२ मध्ये तो बदलून जीपीएल हा परवाना आला, आणि कोणीही घ्या, बदला, वाटा, पण केलेला बदल खुला ठेवा, अशी अट पडली. मार्च १९९४ मध्ये १.० आली तोवर ओळी पावणेदोन लाखांच्या वर गेल्या होत्या.

खरी अडचण यानंतरची. जगभरातून येणारे पॅच लिनस स्वतः वाचायचा आणि हाताने लावायचा. लावला तर पुढच्या आवृत्तीत दिसायचा. नाही दिसला तर नाकारला, की ईमेलच्या ढिगात हरवला, हे कळायला मार्ग नव्हता. लोक तोच पॅच पुन्हा पुन्हा पाठवत राहायचे. १९९८ च्या सुमारास हे इतकं चिघळलं की कर्नलमधल्या जुन्या-जाणत्या मंडळींनीच उघड सांगितलं, एका माणसाच्या आवाक्यातलं हे काम आता उरलेलं नाही. ॲलन कॉक्ससारखे लोक कर्नलची स्वतःची वेगळी शाखा (समांतर प्रत) चालवून दुरुस्त्या गोळा करत होते, म्हणून गाडा चालला.

त्याच काळात आपल्याकडे लिनक्स पोचत होतं ते मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींतून. डायल-अपवर कर्नल उतरवणं म्हणजे रात्र घालवणं, आणि मध्येच फोन वाजला की पुन्हा पहिल्यापासून. विदर्भातल्या लोकांची आणखी एक अडचण होती, भारनियमनाची. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्या डोळ्यांसमोर असूनही घरातली वीज जायची. लिनक्सवर तेव्हा ईएक्सटी२ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची रचना, असायची. वीज अचानक गेली की पुढच्या वेळी मशीन सुरू होताना सगळं पार्टिशन पहिल्या ब्लॉकपासून तपासलं जायचं. हार्ड डिस्क मोठी असली तर ही तपासणी बराच वेळ चालायची. नशीब वाईट असलं तर काळ्या पडद्यावर ओळ यायची: देखभालीसाठी रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड द्या, नाहीतर कंट्रोल-डी दाबा. नवख्या माणसाने तिथूनच लिनक्सला रामराम ठोकला तर त्याला दोष देता येत नाही.

यावर इलाज होता जर्नलिंगचा, म्हणजे डिस्कवर काय बदलणार आहोत याची नोंद आधी करायची आणि बदल नंतर. वीज गेली तर तेवढी नोंद वाचून मशीन काही सेकंदांत सावरतं. स्टीफन ट्वीडी यांनी जुन्या रचनेला हात न लावता हे जर्नल जोडलं आणि ईएक्सटी३ तयार झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये रेड हॅट या वितरकाने, म्हणजे लिनक्स वापरायला तयार करून देणाऱ्या कंपनीने, ७.२ आवृत्तीत ती सरसकट द्यायला सुरुवात केली. मूळ कर्नलमध्ये मात्र ती नोव्हेंबरमध्ये, २.४.१५ बरोबर आली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोकांना हवी असलेली गोष्ट आधी वितरकांकडे आणि मागाहून मूळ कर्नलमध्ये, असं तेव्हा वारंवार घडत होतं. प्रत्येक वितरकाचा कर्नल थोडा वेगळा झाला होता, आणि एकाची दुरुस्ती दुसऱ्याकडे पोचेलच याची खात्री नव्हती.

या दुखण्यावर दोन बाजूंनी उपचार झाले. पहिला हत्याराचा. लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीचं बिटकीपर हे बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लिनसने २००२ मध्ये वापरायला घेतलं. ते खुलं नव्हतं. कर्नलच्या लोकांना ते अटींवर फुकट दिलेलं होतं, आणि ही गोष्ट अनेकांना पहिल्या दिवसापासून सलत होती. अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी बोलणारं स्वतंत्र साधन करायला घेतलं, वाद पेटला आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट परवाना गेला. लिनसने कर्नलचं काम बाजूला ठेवलं आणि ३ एप्रिलला नवं हत्यार लिहायला घेतलं. ७ एप्रिलला ते स्वतःचाच सोर्स सांभाळू लागलं होतं. तेच गिट. जूनमध्ये २.६.१२ ही गिटमधून निघालेली पहिली कर्नल आवृत्ती आली, आणि जुलैत लिनसने गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. आज परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये गिटशिवाय कोणाचा दिवस जात नाही. हे साधन कर्नल सांभाळणाऱ्यांच्या घाईच्या गरजेतून जन्मलं, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल, मला शंका आहे.

दुसरा उपचार वेळापत्रकाचा. पूर्वी सम आकड्याची मालिका स्थिर आणि विषम आकड्याची प्रयोगाची असायची. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ नंतर २.६ यायला डिसेंबर २००३ उजाडला. इतकी वर्षं कोण थांबणार? म्हणून वितरक नवे बदल मागे ओढून जुन्या कर्नलवर चढवायचे. २.६ नंतर प्रयोगाची वेगळी मालिकाच बंद झाली आणि आजची पद्धत बसली. दोन आठवडे मर्ज विंडो, त्यात नव्या गोष्टी घ्यायच्या. मग दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती, त्यात फक्त दुरुस्त्या. नऊ-दहा आठवड्यांत नवी आवृत्ती बाहेर. मार्च २००५ पासून ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी निघालेल्या आवृत्तीवर केवळ दुरुस्त्या चढवणारी स्थिर शाखा सुरू केली. २००८ पासून स्टीफन रॉथवेल सगळ्या विभागांच्या शाखा रोज एकत्र करून पाहू लागले, म्हणजे कोणाचं कोणाशी पटत नाही ते मर्ज विंडोच्या आधीच कळावं.

पॅच कुठे आणि का थांबतो ते इथे समजतं. तो थेट लिनसकडे जातच नाही. ज्या ड्रायव्हरला हात लावला त्याच्या मेंटेनरकडे, म्हणजे तो सांभाळणाऱ्याकडे, जातो, तिथून विभागाच्या मेंटेनरकडे, आणि विभागाच्या शाखेतून मर्ज विंडोत लिनसकडे. लिनस प्रत्येक ओळ वाचत नाही, ज्या माणसाकडून शाखा आली त्या माणसावर विसंबतो. नेटवर्किंगवाले तर मर्ज विंडो चालू असताना नवे बदल घेतच नाहीत. अशा वेळी पाठवलेला पॅच पडून राहणार हे ठरलेलंच आहे.

पॅचच्या तळाशी जी सहीची ओळ असते, ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि पुढे नाव, तिचाही इतिहास आहे. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आपला युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप करत आयबीएमवर दावा ठोकला. कोणती ओळ कोणी लिहिली आणि कोणाच्या हातून आत आली, हे दाखवण्याची तोवर पक्की रीत नव्हती. २००४ मध्ये ती ठरली. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं लिहिणारा या ओळीने सांगतो, आणि बदल ज्या ज्या मेंटेनरच्या हातून पुढे जातो तो तो आपली सही खाली जोडतो. कर्नलमधला एखादा बदल उघडून खालच्या चार-पाच ओळी वाचाव्यात. कोणी तपासला, कोणी चालवून पाहिला, कोणत्या जुन्या बदलातली चूक यात दुरुस्त झाली, सगळं तिथे नावानिशी असतं. कोडची इतकी प्रामाणिक नोंदवही मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

ही सगळी इमारत विश्वासावर उभी आहे, म्हणून विश्वासघात इथे फार लागतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासणीत काय निसटतं ते पाहण्यासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये त्यावरून भडका उडाला. त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणं थांबलं आणि आधी आलेले सगळे बदल पुन्हा तपासायला मेंटेनरांचे कित्येक तास गेले. रेझ्युमेवर एक ओळ वाढावी म्हणून कॉमेंटमधली स्पेलिंगं दुरुस्त करून ढिगाने पॅच पाठवणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. त्यात फसवणूक नसते हे खरं, पण वाचणाऱ्याचे तास तसेच खर्ची पडतात.

मेंटेनर कसे वागतात हाही या इतिहासाचा भाग आहे. कर्नल बदलल्यामुळे कालपर्यंत चालणारा प्रोग्राम बंद पडता कामा नये, चूक कर्नलचीच समजायची, हा लिनसचा नियम. वीस वर्षांपूर्वी बांधलेला प्रोग्राम आजच्या कर्नलवर चालतो तो याच हट्टापायी. पण हा नियम मोडणाऱ्या मेंटेनरला डिसेंबर २०१२ मध्ये त्याने ज्या भाषेत झापलं, ती भाषा समर्थनीय नव्हती. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनसने स्वतःच वागणुकीबद्दल माफी मागून काही आठवडे रजा घेतली. ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी काढली आणि आचारसंहिता लागू झाली. माझ्या मते हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं. त्या भाषेला घाबरून किती जण पॅच न पाठवताच परत गेले असतील, याची नोंद कुठल्याही गिटमध्ये सापडायची नाही.

आपल्या देशातलं कामही कमी महत्त्वाचं नाही. एकाच वेळी अनेक प्रोसेसर वाचत असलेली माहिती, वाचणाऱ्यांना न अडवता बदलण्याची आरसीयू ही पद्धत ऑक्टोबर २००२ मध्ये कर्नलमध्ये आली. पॉल मॅककेनी यांच्याबरोबर तिच्यावर काम करणाऱ्यांत आयबीएमचे दीपंकर सर्मा होते. प्रोसेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणारा विभाग विरेश कुमार सांभाळत आले आहेत.

धीर किती लागतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे रिअल-टाइमचं काम. ठरलेल्या वेळेच्या आत प्रतिसाद मिळालाच पाहिजे अशा यंत्रांसाठीचे हे बदल इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आणि इतरांनी २००४ च्या सुमारास सुरू केले. एकेक तुकडा आत जात राहिला. शेवटचा मोठा अडसर निघाला तो पडद्यावर संदेश छापणाऱ्या प्रिंटके या अगदी सुरुवातीपासूनच्या कोडचा. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात ग्लाइक्सनर यांनी लिनसच्या हाती विनंती कागदावर छापून दिली, आणि ६.१२ मध्ये शेवटचा तुकडा आत गेला. वीस वर्षं!

दरम्यान पसारा वाढतच राहिला. कोड ४ कोटी ओळींच्या घरात गेला आहे. एका आवृत्तीत सुमारे दोन हजार जणांचे दहा हजारांहून जास्त बदल असतात, आणि त्यांतले दोनशेच्या वर लोक पहिल्यांदाच आलेले असतात. लिहिणारे वाढले, वाचणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. लिहिणाऱ्या बहुतेकांना कंपन्या पगार देतात, पण दुसऱ्याचा कोड वाचण्यासाठी वेळ देणाऱ्या कंपन्या थोड्या. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या सहा वर्षांपर्यंत सांभाळल्या जात होत्या. ती मुदत दोन वर्षांवर आणायचं २०२३ मध्ये ठरलं, त्यामागे मेंटेनरांची दमछाक हे एक उघड कारण होतं.

कर्नलच्या सोर्समध्ये मेंटेनर्स नावाची एक फाइल आहे. प्रत्येक विभागापुढे सांभाळणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव आणि विभागाची अवस्था लिहिलेली असते. अवस्थेच्या रकान्यात काही ठिकाणी ‘ऑर्फन’ लिहिलेलं दिसतं, म्हणजे तो कोड कर्नलमध्ये आहे पण त्याला वाली नाही. जुलै २०१९ मध्ये लिनसने फ्लॉपी ड्रायव्हरपुढे हा शब्द लिहिला, कारण तो सांभाळणाऱ्याकडेही चालू फ्लॉपी ड्राइव्ह उरलेला नव्हता. पण व्हर्च्युअल मशीनमधली नकली फ्लॉपी अजून हाच ड्रायव्हर वापरत होती, त्यामुळे त्यातली चूक म्हणजे सुरक्षेला भोक. त्याच सुमारास त्या ड्रायव्हरमधल्या चुका दुरुस्त करत असलेल्या डेनिस एफ्रेमोव्ह यांनी पुढे त्याची जबाबदारी घेतली, आणि फाइलमध्ये त्या ओळीपुढे त्यांचं नाव लागलं.