परदेशी निधीचा अर्ज: दिव्यांगांच्या संस्थांची फाइल नेमकी कुठे अडकते

परदेशी निधीसाठी केलेला अर्ज परत आला की आपल्याकडच्या छोट्या संस्थांना वाटतं, इंग्रजी कमी पडलं. मग कुणाचा तरी कॉलेजात शिकणारा भाचा बसवून प्रस्ताव पुन्हा लिहून घेतात आणि तो पुन्हा परत येतो. मुंबईतल्या अशा बऱ्याच फाइली चाळल्यावर सांगते, इंग्रजी क्वचितच नडतं. बहुतेक वेळा नडतो तो पीटीआरचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा, उतारा.

त्याच्याकडे येऊच. आधी आधार कुठला द्यायचा ते. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी मंजूर झाला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला अनुसमर्थन दिलं, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला. त्यातल्या कलम ३२ नुसार आंतरराष्ट्रीय मदत, विकासाचे कार्यक्रमसुद्धा, दिव्यांगांना सामावून घेणारी आणि त्यांना वापरता येईल अशी हवी. म्हणजे एखादा देश आपल्याकडे शाळा बांधायला पैसे देत असेल, तर त्या शाळेत रॅम्प आहे का हे बघणं त्याचंही काम आहे. अर्जात म्हणूनच ‘कृपया मदत करावी’ असं लिहू नका, कलम लिहा. एक अपवाद लक्षात ठेवा. अमेरिकेने या करारावर २००९ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन दिलेलं नाही. तिथल्या देणगीदाराला कलम ३२ चा बंधनकारक आधार दाखवता येत नाही, त्याचं स्वतःचं धोरण शोधून तेच त्याच्यापुढे ठेवा. आणि यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेच्या नावाचे जुने फॉर्म अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते डिलीट करा. त्या संस्थेने जुलै २०२५ पासून मदतीचं काम थांबवलं आहे.

दुसरी गल्लत बर्लिनची. तिथे एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या दिव्यांगांविषयीच्या जागतिक परिषदेत ‘पंधरा टक्क्यांसाठी पंधरा टक्के’ असं ठरलं: लोकसंख्येत १५ टक्के दिव्यांग, तर देशपातळीवरच्या निदान १५ टक्के विकास कार्यक्रमांत दिव्यांगांचा समावेश हे एक उद्दिष्ट हवं. चांगलंच आहे, पण हे दिलेलं वचन आहे, कायदा नाही. ‘करारानुसार आम्हाला १५ टक्के मिळायला हवेत’ असं लिहिलेले प्रस्ताव मी पाहिले आहेत. वाचणारा तिथेच पान मिटतो.

देणगीदार मनातल्या मनात जो आकडा टाकतो तोही माहीत असू द्या. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास सहाय्य समितीने २०१८ मध्ये एक खूण आणली. दिव्यांग समावेश हे प्रकल्पाचं मुख्य उद्दिष्ट असेल तर २, महत्त्वाचं पण मुख्य नसेल तर १, विचारच नसेल तर ०. सरसकट सगळ्या वस्तीसाठी शिलाई मशीन वाटप आणि शेवटच्या ओळीत ‘दिव्यांग महिलांनाही प्राधान्य’, याला २ मिळत नाही. १ मिळाला तरी नशीब.

आता उतारा. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१८ मध्ये सातवी सामान्य टिप्पणी काढली. दिव्यांगांची संस्था आणि दिव्यांगांसाठीची संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पहिलीचं नेतृत्व आणि कारभार दिव्यांगांच्याच हातात हवा, सभासदांतही त्यांचं स्पष्ट बहुमत हवं. बरेच देणगीदार हाच निकष लावतात. ‘ची’ आणि ‘साठी’ मधला हा फरक आपल्या लोकांना तोंडी लगेच कळतो. कागदावर दाखवताना पंचाईत होते.

मध्य रेल्वेच्या एका उपनगरातली कर्णबधिरांची संस्था घ्या. अध्यक्ष कर्णबधिर, सचिव कर्णबधिर, बैठका खाणाखुणांच्या भाषेत. देणगीदाराने विश्वस्तांची यादी मागितली, यांनी पीटीआरचा उतारा जोडला. त्यावर सात नावं, सातही ऐकू येणाऱ्यांची, संस्थापकांच्या वेळची. त्यातले दोघे वारलेले. गेल्या बारा वर्षांत एकही चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, भरलेला नव्हता. देणगीदाराच्या लेखी ही ‘साठी’वाली संस्था ठरली आणि अर्ज बाद झाला. त्या अध्यक्षांनी मला विचारलं, “मी बारा वर्षं काय करत होतो मग?” काय उत्तर देणार?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. मुंबईच्या संस्थांना त्यासाठी वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय गाठावं लागतं. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत लावा, पण लावाच. मंजुरीला वेळ जातो, म्हणून निधीची जाहिरात आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. उतारा आजच काढून बघा. आणि विश्वस्तांची यूडीआयडी कार्डं, म्हणजे दिव्यांगत्वाची सरकारी ओळखपत्रं असलेली स्वावलंबन कार्डं, आत्ताच एका फाइलीत ठेवा. कार्यकारिणीत बहुमत दिव्यांगांचं आहे हे दाखवायला याहून सोपा पुरावा नाही. गंमत अशी की सभासदांची कार्डं काढून देणाऱ्या संस्थांच्या खजिनदारांकडेच कार्ड नसतं.

देणगीदार हो म्हणाला तरी दिल्लीचं दार राहतंच. परकीय अंशदान विनियमन कायदा, २०१०, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात. परदेशी पैसा (परकीय अंशदान) घ्यायला त्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक), पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक आणि शपथपत्रं, ऑडिट झालेले हिशेब हे नेहमीचं. इथेही पदाधिकाऱ्यांची नावं उताऱ्याशी जुळावी लागतात, म्हणजे पुन्हा तोच कागद.

१५ लाख कुठून आणायचे, असं छोट्या संस्था विचारतात. त्यांच्यासाठी पूर्वपरवानगीचा रस्ता आहे: एक देणगीदार, एक काम, ठरलेली रक्कम. त्याला देणगीदाराचं पत्र लागतं आणि त्यात रक्कम आणि उद्देश दोन्ही स्पष्ट हवेत. ‘आपल्या कार्यात सहभागी होण्यास उत्सुक आहोत’ असलं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावा, अर्जाला लावू नका. देणगीदार म्हणतो आधी परवानगी दाखवा, सरकार म्हणतं आधी पत्र दाखवा, आणि मधे संस्थेचं कोंबडी आधी की अंडं आधी. देणगीदाराला नियम नीट समजावून ‘परवानगी मिळाल्यावर इतकी रक्कम या कामासाठी देऊ’ असं लिहून घ्यायचं, हा त्यातला मार्ग.

‘मोठ्या संस्थेकडे एफसीआरए आहे, तिच्यामार्फत घेऊ’ हा जुना सल्ला विसरा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय अंशदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यायचे झाले. २० टक्क्यांचा फटका आपल्यालाच जास्त बसतो, कारण दुभाषे, मदतनीस, ब्रेल छपाई हा खर्च लोक ‘इतर’ मध्ये ढकलतात. उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च प्रशासकीय धरत नाहीत. प्रशिक्षणातला दुभाष्या हा प्रशिक्षणाचा खर्च आहे, अंदाजपत्रकात तिथेच दाखवा.

‘चेक रुपयांत आहे, मग परदेशी कसा?’ हा प्रश्न दर महिन्याला येतो. चलन बघायचं नाही, देणारा बघायचा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या वकिलातीने रुपयांत दिलेला चेकही परकीय अंशदानच. ओसीआय कार्डवाल्या, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीय, काकांची देणगीसुद्धा तशीच. उलट, दुबईत नोकरी करणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ स्वतःच्या कमाईतून देतो ते परकीय नाही. संयुक्त राष्ट्रं, तिच्या विशेष संस्था आणि जागतिक बँक यांना तर कायदाच परदेशी स्रोत मानत नाही.

तारखा. एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. वर्षभरात एक रुपयाही आला नसेल तरी शून्याचं विवरण जातंच. ‘आलंच नाही तर भरायचं काय’ म्हणणाऱ्यांची प्रमाणपत्रं गेलेली आहेत. नोंदणी ५ वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत करायचा, असं कायदा म्हणतो. लोक ते ‘शेवटच्या दिवसापर्यंत चालेल’ असं वाचतात. एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार तो किमान चार महिने आधी पोहोचायला हवा. म्हणजे हातात उरतात दोनच महिने. कॅलेंडरवर आत्ताच गोल करा.

आणि देणगीदाराची वेळ. ब्रसेल्सची दुपारी १२ ची मुदत म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. हा एक तासाचा फरक न कळल्यामुळे गेलेला एक अर्ज माझ्या कपाटात अजून आहे, सही-शिक्क्यासकट.