रीफचे दोर आणि टॉपिंग लिफ्ट

वारा वाढला की मुख्य शिडाचा खालचा पट्टा दुमडून बूमवर आवळतात आणि शिडाचे क्षेत्रफळ कमी करतात. याला रीफ घेणे म्हणतात. दुमडलेले शीड बूमशी ओढून धरणारे ते रीफचे दोर. हे काम चालू असताना बूमचे मागचे टोक डोलकाठीच्या शेंड्यापासून टांगून धरणारा दोर म्हणजे टॉपिंग लिफ्ट. बूम हा शिडाच्या खालच्या काठालगतचा आडवा दांडा. एरवी त्याचे मागचे टोक शीडच तोलून धरते. शीड उतरू लागले की तो आधार जातो. म्हणून लहान होडीवर या दोन गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 10 नॉटचा (ताशी 10 सागरी मैलांचा) वारा 14 नॉट झाला की त्याच शिडावरचा दाब जवळपास दुप्पट होतो. होडी जास्त कलते, सुकाणू जड लागते आणि ते अर्धे पाण्याबाहेर आले की होडी स्वतःच वाऱ्याकडे तोंड फिरवते. पाच-सहा मीटरच्या होडीवर ही वेळ बहुधा वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट श्रेणीतल्या 4 च्या वरच्या टोकाला, म्हणजे 15-16 नॉटच्या आसपास येते. मुंबई बंदरात सकाळी मतलई वाऱ्यावर पूर्ण शिडाने निघालेल्या होडीला दुपारी खारे वारे चढल्यावर परतताना रीफ लागतो, तो याच हिशेबाने.

अरबी समुद्रातल्या तिरप्या परबाणाच्या, म्हणजे शीड ज्याला बांधतात त्या आडकाठीच्या, गलबतांवर शीड दुमडण्याऐवजी परबाण खाली घेऊन लहान शीड चढवण्याची रीत होती. आजच्या होड्यांवर बहुतेक शब्द इंग्रजीतून आलेले आहेत. त्यातल्या मेनशीट या शब्दाने नवशिका हमखास फसतो. मेनशीट म्हणजे शीड नव्हे, बूम आत-बाहेर करणारा दोर.

शिडावरची तयारी : शिडाच्या पुढच्या आणि मागच्या काठाला एकेक भक्कम कडी बसवलेली असते. पुढची कडी बूमपासून जितकी उंच, तितके शीड कमी होते. पुढचा काठ 6 मीटर आणि कडी 0.8 मीटरवर असेल तर उरलेल्या त्रिकोणाची उंची मूळच्या 87 टक्के राहते, आणि क्षेत्रफळ 75 टक्के. म्हणजे पहिल्या रीफने साधारण चौथा हिस्सा जातो. मागची कडी पुढचीपेक्षा थोडी उंच ठेवतात. त्यामुळे रीफ घेतल्यावर बूमचे टोक किंचित वर राहते आणि होडी कलली तरी ते पाण्यात बुडत नाही. दोन्ही कड्यांच्या मध्ये ओळीने लहान डोळे असतात, लोंबणारे कापड गुंडाळून बांधण्यासाठी. या डोळ्यांवर ताण येता कामा नये. ते फक्त पसारा आवरतात.

मागच्या कडीचा दोर : सगळी मेख या दोरात आहे. त्याचे एक टोक बूमभोवती बोलाइन गाठीने (न आवळणाऱ्या फासाने) बांधतात किंवा बूमला बसवलेल्या पट्टीच्या डोळ्यात अडकवतात. तिथून दोर वर जाऊन मागच्या कडीतून आरपार होतो, दुसऱ्या बाजूने खाली येऊन बूमच्या कुशीला बसवलेल्या कप्पीतून वळतो आणि बूमच्या कडेने पुढे गूसनेकजवळच्या क्लीटपर्यंत पोहोचतो. क्लीट म्हणजे दोर अडकवून पक्का करायची खुंटी. गूसनेक हा बूम आणि डोलकाठीचा सांधा.

कप्पी कुठे बसवायची हे अंदाजाने ठरवू नये. होडी धक्क्याला किंवा मुरिंगवर (नांगरलेल्या बोयाला बांधलेली) असताना, वारा नसलेल्या दिवशी, शीड रीफच्या उंचीपर्यंत उतरवून पुढची कडी अडकवावी, हॅलयार्ड ताणावा, मागची कडी हाताने मागे ओढून बूमला टेकवावी आणि तिथे बूमवर खूण करावी. हॅलयार्ड म्हणजे शीड वर चढवणारा दोर. बांधलेले टोक या खुणेच्या बरोबर खाली येते आणि कप्पी खुणेच्या मागे 8 ते 12 सेंटीमीटरवर. अशी मांडणी केली की एकच दोर कडीला खालीही ओढतो आणि मागेही. कप्पी फार पुढे आली तर कडी बूमला टेकते, पण खालचा काठ ताणला जात नाही. शीड पोटासारखे फुगते, आणि जोराच्या वाऱ्यात नेमके तेच नको असते. फार मागे गेली तर काठ ताणला जातो, पण कडी बूमपासून वर उचललेली राहते आणि मागचा काठ फडफडत बसतो. नुसत्या बोलाइनने बांधलेले टोक बूमवरून पुढे घसरते, म्हणून तिच्या फासाला अडवणारी छोटी पट्टी बूमखाली बसवावी.

बूमची भिंत पातळ असते, तिथे स्क्रूपेक्षा रिव्हेट बरे. ॲल्युमिनियमच्या बूमवर स्टेनलेस स्टीलचे भाग बसवताना मध्ये गंजरोधक लेप लावावा. खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या सांध्याला ॲल्युमिनियम खाल्ले जाते, पांढरी भुकटी दिसू लागते आणि मग रिव्हेट सैल होतात.

दोराची लांबी काढणे सोपे आहे. वर दिलेल्या शिडावर मागची कडी 0.85 मीटर उंच आणि कप्पी गूसनेकपासून 2.35 मीटरवर असेल, तर वर-खाली 1.7, बूमच्या कडेने 2.35, गाठीला 0.4 आणि हातात धरायला 1.5 मिळून जवळपास 6 मीटर होतात. साडेसहा घ्यावा, पूर्ण शीड चढवल्यावर दोर सैल राहिला पाहिजे, नाहीतर तो मागचा काठ खाली खेचतो. जाडी पाच-सहा मीटरच्या होडीला 6 मिलिमीटर आणि सात-आठ मीटरच्या होडीला 8 पुरते. कमी ताणणारा विणलेला पॉलिएस्टर दोर हवा. नायलॉन ताणतो आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी कडी बूमपासून सुटते. पहिल्या आणि दुसऱ्या रीफचे दोर वेगवेगळ्या रंगांचे असावेत.

पुढची कडी : लहान होडीला गूसनेकवरचा आकडा पुरतो. अडचण येते ती डोलकाठीच्या खाचेत सरकणाऱ्या गुटक्यांची. शीड उतरवले की ते खाली एकावर एक साचतात आणि कडी आकड्यापर्यंत पोहोचूच देत नाहीत. यावर स्वस्त उपाय असा, की कडीतून जाड पट्टीचा तुकडा ओवून त्याच्या दोन्ही टोकांना रिंगा शिवून घ्याव्यात आणि कडीऐवजी रिंग आकड्यात टाकावी. पुढचा आणि मागचा असे दोन्ही काठ एकाच दोराने ओढायची पद्धतही आहे. ती सोयीची दिसते, पण वळणे वाढतात तसे घर्षण वाढते. लहान होडीवर तिचा हट्ट धरू नये.

टॉपिंग लिफ्ट : सर्वांत साधी मांडणी अशी. दोराचे एक टोक डोलकाठीच्या शेंड्याला पक्के, दुसरे बूमच्या टोकाच्या कप्पीतून वळवून बूमखालच्या क्लीटला. पुढचा काठ 6 आणि बूम 2.7 मीटर असेल तर शेंड्यापासून बूमच्या टोकापर्यंतचे तिरपे अंतर सुमारे 6.6 मीटर भरते. क्लीटपर्यंतचे दीड आणि हातातले एक धरून साडेनऊ मीटर दोर घ्यावा. हाच दोर शेंड्यावरच्या कप्पीतून खाली डोलकाठीच्या बुडाशी आणायचा तर 14 ते 15 मीटर लागतो. हे काम कॉकपिटऐवजी (होडीतल्या बसायच्या खोलगट जागेऐवजी) डोलकाठीजवळ उभे राहून करायचे असेल तरच तो खर्च करावा. 5 किंवा 6 मिलिमीटर जाडी भरपूर झाली.

होडी शिडावर चालत असताना टॉपिंग लिफ्ट ढिली हवी. ती ताठ राहिली तर बूमचा भार तीच घेते, मागचा काठ सैल पडून शिडाला पीळ बसतो आणि होडी वाऱ्याच्या दिशेकडे चढत नाही. सुरुवातीला याचे कारण भलतीकडेच शोधले जाते. फार ढिली असेल तर ती शिडाच्या मागच्या काठावर घासून शिवण उसवते किंवा बाजू बदलताना शिडातल्या पट्ट्यांच्या टोकांत अडकते. दोराच्या वरच्या भागाला पातळ रबरी दोरी समांतर बांधली की ढील आपोआप वर ओढली जाते. उघड्या डिंगीवर, म्हणजे छोट्या होडीवर, टॉपिंग लिफ्ट नसली तरी चालते. तिथे दुसरा माणूस बूम खांद्यावर घेतो. एकट्याने जाणाऱ्याने मात्र ती बसवलीच पाहिजे, कारण हॅलयार्ड सोडताच बूम कॉकपिटात पडतो आणि खाली बहुधा डोकेच असते.

रीफ घेण्याचा क्रम : होडी वाऱ्याच्या जवळच्या कोनात, पुढच्या लहान शिडावर हळू चालवत ठेवावी. मेनशीट आणि बूम खाली ओढणारी किकिंग स्ट्रॅप पूर्ण सैल करावी. ही पट्टी विसरली की मागची कडी काही केल्या बूमपर्यंत येत नाही. मग टॉपिंग लिफ्ट बूमचे टोक जरा उचलेपर्यंत ओढावी. हॅलयार्ड आधी करून ठेवलेल्या खुणेपर्यंत सोडावा, पुढची कडी आकड्यात टाकावी आणि हॅलयार्ड पुन्हा कडक ताणावा. मागचा दोर त्यानंतरच ओढावा. क्रम उलटा झाला तर पुढचा काठ तिरपा खेचला जातो आणि गुटक्यांची शिवण तुटते. मागची कडी बूमला भिडली की दोर क्लीटला, टॉपिंग लिफ्ट ढिली, किकिंग स्ट्रॅप आणि मेनशीट पुन्हा आत. शेवटी मधल्या डोळ्यांतल्या दोऱ्या सुरगाठीने बांधाव्यात. ओल्या दोरीची निरगाठ थंड बोटांनी सुटत नाही. जास्त काळ रीफवर राहायचे असेल तर मागच्या कडीतून एक मीटरची वेगळी दोरी घेऊन ती बूमभोवती दोन-तीन फेरे आवळून बांधावी. मुख्य दोर तुटला तर ताण या दोरीवर येतो, मधल्या डोळ्यांवर नाही.

रीफ सोडताना आधी मधल्या सगळ्या गाठी सोडाव्यात, मोजून. एक जरी राहिली आणि हॅलयार्ड ओढला तर शीड नेमके त्या डोळ्यापासून फाटते. त्यानंतर टॉपिंग लिफ्ट, मागचा दोर, पुढचा आकडा आणि हॅलयार्ड, या ओळीने.