प्रोग्राम दुसऱ्यांदा का उघडत नाही? – ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचा हिशेबाचा प्रोग्राम चालू असताना त्याच्या आयकॉनवर पुन्हा डबल क्लिक केले, तर दुसरी विंडो उघडत नाही. आधीचीच पुढे येते. हा बिघाड आहे का, असे बरेच ग्राहक विचारतात. बिघाड नाही. ही सोय आम्ही मुद्दाम केली आहे, आणि ती तुमच्या नोंदी जपण्यासाठी आहे.

एकाच वेळी प्रोग्रामच्या दोन प्रती चालल्या तर काय होते?

समजा, एका मालाचे ४० नग शिल्लक आहेत. एका प्रतीत ५ नगांचे बिल चालू आहे आणि दुसऱ्या प्रतीत १० नगांचे. दोन्ही प्रतींनी उघडतानाच ४० हा आकडा वाचून ठेवला आहे. पहिली ३५ लिहिते. दुसरीला त्याचा पत्ताच नसतो, ती त्यावर ३० लिहिते. खरी शिल्लक २५ असते. दोन्ही बिले बरोबर छापली जातात, चूक झाल्याचा संदेश कुठेच येत नाही, आणि फरक कळतो तो प्रत्यक्ष माल मोजायला घेतल्यावर. प्रोग्राम बंद पडला तर निदान लगेच समजते. ही चूक मात्र महिनोन्महिने गप्प बसून राहते. म्हणून आम्हाला तिचीच जास्त काळजी वाटते.

बहुतेक वेळा दुसरी प्रत कोणी हेतूने उघडतही नाही. संगणक नुकताच सुरू झालेला असतो, पहिल्या डबल क्लिकनंतर पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून हात पुन्हा माउसकडे जातो. खाली टास्कबारवर एकच क्लिक पुरते, पण डेस्कटॉपच्या सवयीने तिथेही दोनदा क्लिक होते. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून टास्कबारच्या आयकॉनवर क्लिक केले, तर नवी प्रत उघडण्याचाच आदेश जातो.

आम्ही हे कसे अडवतो?

आमच्या जुन्या आवृत्तीत प्रोग्राम सुरू होताना एक छोटी फाइल तयार होत असे आणि बंद होताना पुसली जात असे. फाइल दिसली की प्रोग्राम चालू आहे, असे समजायचे. वीज गेली की ही युक्ती फसायची: प्रोग्राम बंद, फाइल मात्र जागच्या जागी, आणि दुसऱ्या दिवशी काही केल्या प्रोग्राम उघडेना. आम्ही ग्राहकांना ती फाइल पुसायला सांगत होतो. तो सल्ला चुकीचा होता, कारण प्रोग्राम खरोखर चालू असतानाही ती पुसली जाऊ शकत होती, आणि मग अडवणारे काही उरत नसे. तुमच्याकडे आमची तशी जुनी सूचना कुठे लिहून ठेवलेली असेल, तर ती कृपया काढून टाका.

आता हे काम आम्ही विंडोजवरच सोपवले आहे. सुरू होताच प्रोग्राम विंडोजकडे एका ठरावीक नावाची खूण मागतो. तिला म्यूटेक्स म्हणतात. खूण आधीच कोणाकडे असेल तर विंडोज तसे कळवते. मग दुसरी प्रत पहिलीला निरोप देते आणि स्वतः बंद होते. एखाद्या फाइलवर डबल क्लिक करून तुम्ही ती उघडली असेल, तर त्या फाइलचे नावही पहिलीकडे जाते. दोन क्लिक अगदी एकाच क्षणी झाले तरी खूण एकालाच मिळते. मुख्य म्हणजे ही खूण डिस्कवर नसते. प्रोग्राम कोसळला किंवा वीज गेली, तरी मागे काही उरत नाही.

एकाच संगणकावर दोघांची वेगवेगळी लॉगिन असतील आणि पहिला माणूस लॉगआउट न करता उठला असेल, तरी त्याची प्रत मागे चालूच असते. आमची खूण सगळ्या लॉगिनना मिळून एकच आहे, त्यामुळे दुसऱ्याला प्रोग्राम उघडता येणार नाही. आधी पहिल्याच्या लॉगिनमधून तो बंद करावा लागेल.

नेटवर्क आणि क्लाउड

म्यूटेक्स त्या एका संगणकापुरताच असतो. तुमचा डेटा नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये असेल, तर प्रोग्राम त्या फोल्डरातली एक फाइल फक्त स्वतःसाठी उघडून धरतो, म्हणजे दुसऱ्या संगणकाला ती मिळत नाही. मधेच केबल निघाली, तर सर्व्हरला ती फाइल सोडायला थोडा वेळ लागू शकतो.

डेटा फोल्डर क्लाउड सिंक होणाऱ्या, म्हणजे इंटरनेटवरून सगळ्या संगणकांवर आपोआप उतरणाऱ्या, जागी मात्र अजिबात ठेवू नका. तिथे प्रत्येक संगणकावर डेटाची वेगळी प्रत असते, त्यामुळे एकाचे कुलूप दुसऱ्याला दिसतच नाही. बॅकअपची फाइल तिथे ठेवायला काहीच हरकत नाही.

‘आधीच चालू आहे’ म्हणतो, पण दिसत नाही

आधी टास्कबार पाहा. तुम्ही दुसऱ्या कामात असताना एखाद्या प्रोग्रामने अचानक पुढे येणे विंडोज बऱ्याचदा अडवते. अशा वेळी टास्कबारवर त्याचे बटण नुसते लुकलुकते. त्यावर एकदा क्लिक करा. दुसरा मॉनिटर काढून ठेवला असेल, तर विंडो पडद्याबाहेर राहिलेली असू शकते: कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि शिफ्ट दाबून डावा किंवा उजवा बाण दाबा.

तरीही सापडली नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि यादीत आमचा प्रोग्राम शोधा. त्याच्यासमोर डिस्कच्या रकान्यातला आकडा हलत असेल, तर थांबा. विंडो बंद केल्यावर मागे बॅकअप लिहिला जात असतो, आणि डेटा मोठा असला की त्याला काही मिनिटे लागतात. आकडा बराच वेळ शून्यावरच असेल, तरच ‘एंड टास्क’ करा. शंका असेल तर त्याआधी आम्हाला फोन करा, आपण मिळून पाहू.

दोन गोष्टी शेजारी हव्या असतील तर

जुने बिल समोर ठेवून नवे करायचे असते, ही गरज खरी आहे. त्यासाठी ‘विंडो’ मेनूतला ‘नवी विंडो’ हा पर्याय वापरा. त्यातून उघडणारी विंडो त्याच प्रतीची असते, म्हणून दोन्हीकडे शिल्लक एकच दिसते. मागच्या वर्षाची वही नुसती पाहायची असेल, तर ती ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडा. तो पर्यायही याच मेनूत आहे.