बर्निनीची तेरेसा आणि संगमरवरात शिरणारा उजेड

रोमच्या सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चमध्ये संत तेरेसाची संगमरवरी मूर्ती ढगावर कलंडलेली दिसते. पापण्या मिटत आलेल्या, ओठ विलग, एक अनवाणी पाऊल खाली लोंबतंय. पुढ्यात बाण धरलेला हसरा देवदूत. स्पेनमधल्या आविलाच्या या जोगिणीनं (1515–1582) स्वतःच लिहून ठेवलंय, की देवदूतानं टोकाशी आग असलेला सोन्याचा भाला काळजात खुपसला आणि त्या वेदनेतच अपार गोडी होती. 1622 साली तिला संतपद मिळालं. गोव्याच्या फ्रान्सिस झेवियरलाही त्याच दिवशी. पुढे कार्डिनल फेदेरिको कोर्नारोच्या सांगण्यावरून शिल्पकार जान लोरेन्झो बर्निनीनं ही भावसमाधी 1647 ते 1652 या काळात दगडात उतरवली.

तिच्या चेहऱ्याचा फोटो मोठा करून पाहा. गालावरची सावली नेमकी कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. इथे कारागिरीइतकंच दगडाचंही श्रेय आहे. संगमरवर म्हणजे जमिनीच्या पोटात दाबानं आणि उष्णतेनं नव्यानं स्फटिक झालेला चुनखडक. त्यात कॅल्साइटचे कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, मध्ये पोकळी जवळजवळ नसते. त्यामुळे प्रकाश पृष्ठभागावरूनच परत न फिरता आत शिरतो. प्रत्येक कणाची दिशा वेगळी, म्हणून कणाच्या सीमेवर तो थोडा वळतो, आणि असा भटकत, जिथून शिरला त्याच्या शेजारच्याच जागेतून बाहेर पडतो. सावलीची कड त्यानंच विरघळते. खडूत मात्र बारीक कणांमध्ये हवा असते. प्रकाश लगेच मागे फिरतो आणि पांढरेपणा कोरडा वाटतो. आपली त्वचाही उजेड आत घेते. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरला की बोट लालसर उजळतं, ते त्यामुळेच.

बर्निनीला हे भौतिकशास्त्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण दगडाचा स्वभाव त्याच्या हातात पुरता मुरलेला होता. त्वचा त्यानं घासून गुळगुळीत केली, ढग खरबरीत ठेवला. 1665 साली पॅरिसमध्ये तो म्हणाला होता, की डोळ्यांभोवतीचा काळसरपणा दाखवायचा तर तिथला दगड खऱ्या चेहऱ्याहून खोल कोरावा लागतो. रंग नसलेल्या वस्तूत सावलीनं रंग भरायची ही युक्ती मला त्याच्या सगळ्या भव्य रचनांपेक्षा मोठी वाटते.

आणि मग खिडकी! मूर्तीच्या वर, बघणाऱ्याच्या नजरेआड त्यानं एक झरोका ठेवला. तिथून उतरणारा उजेड सोन्याचा मुलामा दिलेल्या किरणांवरून तेरेसापर्यंत पोचतो. किरण धातूसारखे चकाकतात, कारण ते प्रकाश आत घेतच नाहीत. तोच उजेड शेजारच्या संगमरवरात मात्र मुरतो.

2001 साली संगणक-चित्रणाच्या संशोधकांनी या मुरणाऱ्या प्रकाशाचं एक व्यवहार्य गणित मांडलं. ते पडताळताना त्यांनी संगमरवरी मूर्ती आणि माणसाचा चेहरा, दोन्ही त्याच सूत्रांनी रेखाटले.