ताग म्हणजे नेमके काय? घरच्या दोराची पार्श्वभूमी

पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात आज रंगीत नायलॉनच्या वेसणी, म्होरक्या आणि कासरे किलोवर मिळतात. अंबाडीचा दोर मागितला तर दुकानदार बहुधा पूजेच्या सामानाकडे बोट दाखवतो. ‘नायलॉन आले आणि घरचा दोर गेला’ एवढ्यावर हा विषय सहसा मिटवला जातो. प्रत्यक्षात दोर वळण्याचे काम नायलॉन येण्यापूर्वीच ढिले पडू लागले होते, आणि त्याची कारणे दोरापेक्षा विहिरीशी, पिकाच्या फेरपालटीशी आणि थोडी एका शब्दाशीही निगडित आहेत.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी दोरासाठी तीन प्रकारचा वाख, म्हणजे दोर वळायचे तंतू, येत असे. अंबाडीचा, तागाचा आणि बांधावरच्या घायपाताचा, म्हणजेच केकताडाचा. घायपात मूळचे मेक्सिकोकडचे. पोर्तुगीज काळानंतर ते इकडे रुजले आणि कुंपण म्हणून बांधावर, रेल्वेमार्गाच्या कडेने लावले गेले. त्याची पाने चिरून, भिजवून, ठेचून वाख काढतात. पानाचा चीक अंगाला लागला की कातडीची आग होते, म्हणून हे काम कोणी हौसेने करत नसे. अंबाडी आणि ताग मात्र पेरायची पिके. त्यांनी घराचे वर्षाचे वेळापत्रक अडवून ठेवलेले असे.

अंबाडी बहुधा बाजरी, ज्वारी किंवा तुरीत काही ओळींआड, नाहीतर शेताच्या कडेने पेरत. कडेची अंबाडी दोन कामे करी. श्रावणात तिच्या पाल्याची आंबट भाजी कण्या घालून होई आणि मागाहून काड्या दोराला येत. पण ही दोन्ही कामे एकाच झाडाकडून होत नाहीत. शेंडा खुडला की झाड फांदते, आणि जिथे फांदी फुटते तिथे साल तुटक निघते. म्हणून भाजीच्या ओळी वेगळ्या आणि वाखाच्या वेगळ्या, तेही दाट, म्हणजे काडी सरळ वाढेल. दुसरी अडचण दिवसाच्या लांबीची. दिवस लहान होऊ लागले की अंबाडी फुलावर येते आणि मग तिची उंची वाढत नाही. पावसाने ओढ दिली, पेरणी जुलैच्या अखेरीस गेली, तर माणसाच्या उंचीची व्हायची ती छातीशीच थांबते आणि फुलते. अशा वर्षी वाख आखूड निघतो, सांधे जास्त द्यावे लागतात, आणि दोर तुटतो तो बहुधा सांध्यातच.

कापणी निम्म्या काड्यांना फुले आल्यावर. बियांसाठी थांबले की साल लाकडासारखी होते आणि कुजायला वेळ घेते. त्यामुळे बियांची झाडे वेगळी राखत. कापलेल्या काड्या दोन-तीन दिवस शेतातच उभ्या ठेवल्या की पाला गळतो. नंतर मनगटापेक्षा जरा जाड पेंढ्या बांधून आधी नुसते बुडखे पाण्यात उभे करायचे, कारण बुडख्याची साल जाड असते. दोन-तीन दिवसांनी पेंढ्या आडव्या पाडून दगडांखाली दाबायच्या. दाबायला चिखल किंवा बाभळीच्या ओल्या फांद्या वापरल्या तर वाख काळा पडतो. उबदार पाण्यात दहा ते पंधरा दिवस लागतात, थंडी पडल्यावर वीसही. मधली एक काडी काढून अंगठ्याने साल सरकते का ते रोज पाहायचे. लवकर काढली तर वाखाला सालीचे तुकडे चिकटून राहतात आणि पीळ खरखरीत बसतो. दोन दिवस उशीर झाला तर वाख पांढरा, मऊ आणि देखणा दिसतो, पण ओढला की तुटतो. ओल्या काडीच्या वजनाच्या शेकडा पाच-सहा एवढाच वाख हाती लागतो. उरलेल्या पांढऱ्या काड्या चूल पेटवायला.

ताग याहून लवकर कुजतो, साधारण आठवड्याच्या आत. पेरताना मात्र तो फेकूनच, अगदी दाट टाकावा लागतो.

आता या शब्दाकडे वळू. मराठी शेतकरी ‘ताग’ म्हणतो ते क्रोटालारिया जुन्सिया, पिवळ्या फुलांचे, वाळल्यावर शेंगा खुळखुळणारे शेंगवर्गीय झाड. यालाच सण असेही नाव आहे. संस्कृतातला शण तो हाच. पश्चिम महाराष्ट्रात हेच पीक हिरवळीच्या खतासाठी घेतले की त्याला बोरू म्हणतात. (लिहायचा बोरू वेगळा, तो वेळूसारख्या पोकळ गवताचा.) अंबाडी तागाच्या नात्यातलीही नाही, ती भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. शिवाय एकाच नावाखाली तिच्या दोन जाती येतात. वाखाची हिबिस्कस कॅनाबिनस आणि लाल बोंडांची हिबिस्कस सबदरिफा. बंगालमधले ज्यूट म्हणजे कॉर्कोरस. त्याला भरपूर पावसाची उष्ण, दमट खोरी लागतात आणि ते दख्खनच्या कोरडवाहू रानात येत नाही. चार वेगळी झाडे, आणि मराठीत कामचलाऊ शब्द दोनच: ताग आणि अंबाडी.

हा घोळ जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज व्यापाऱ्यांना जहाजांच्या दोरांसाठी रशियन वाखाला पर्याय हवा होता आणि त्यांची नजर सणावर होती. कोकणात सागरकिनाऱ्याने तागाची जाळी आणि दोर होतेच. निर्यातीच्या बाजारात सणाच्या प्रती गावांच्या नावाने ओळखल्या जात, त्यात देवगडी ही एक. मग १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धाने रशियाचा माल अडला, स्कॉटलंडमधल्या गिरण्या ज्यूटकडे वळल्या आणि काही दशकांत हुगळीच्या काठी ज्यूटच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांची पोती गावोगाव पोचली. गावाकडे तागाचे तरट ओळखीचे होते, म्हणून नव्या पोत्यालाही तागाचेच म्हटले गेले. पुढे शालेय भूगोलाने ‘ताग: पश्चिम बंगाल’ असे पक्के करून टाकले. आता शहरातल्या वाचकाला ताग म्हणजे ज्यूट, आणि कृषी विस्ताराच्या पत्रकात ताग म्हणजे जमिनीत गाडायचे पीक. दोघेही आपल्या जागी बरोबर असतात, एकमेकांचे वाचले की मात्र अडतात.

नुसत्या शब्दाचा प्रश्न असता तर एवढी जागा दिली नसती. १९४७ च्या फाळणीत ज्यूटची बहुतेक शेते पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या कलकत्त्याभोवती राहिल्या. कच्च्या मालाची ओढाताण भागवण्यासाठी १९५० च्या दशकात देशात ज्यूटसोबत मेस्त्याची लागवड वाढवण्यावर भर आला. मेस्ता म्हणजे आपल्या अंबाडीच्या दोन्ही जाती. तेव्हापासून सरकारी आकडेवारीत ‘ज्यूट आणि मेस्ता’ असा जोडशब्द आहे आणि सण वेगळ्या रकान्यात. म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत जी ताग नव्हे ती अंबाडी कागदावर ज्यूटच्या शेजारी बसली, आणि जो खरा ताग तो बाजूला पडला. ‘तागाला हमीभाव’ अशी मराठी बातमी आली की ती बोरू लावणाऱ्याची नसते.

१९८७ च्या कायद्याने काही माल ज्यूटच्या पोत्यांतच भरण्याची सक्ती आली. अलीकडची बरीच वर्षे अन्नधान्यासाठी हे प्रमाण १०० टक्के आणि साखरेसाठी २० टक्के राहिले आहे. साखर कारखानदारीला ते कधीच रुचले नाही. पोत्याचे तंतू साखरेत येतात, पोते महाग पडते, अशी तक्रार असते. दुसरी बाजू पूर्वेकडच्या ज्यूट उत्पादकांच्या पोटाची आहे आणि तीही खोटी नाही. मात्र महाराष्ट्रात या वादाचे वृत्तांत ‘तागाची पोती वापरण्याची सक्ती’ असे छापले जातात, त्यामुळे इथल्या तागाला त्यातून बाजार मिळत असावा असा समज पसरतो. इथल्या अंबाडीला आणि तागाला त्या पोत्यांत व्यवहारतः जागा नाही. आमच्या मते या धोरणाने स्थानिक वाखाचे काही भले केले नाही, आणि शब्दसाम्यामुळे तो प्रश्न कोणी विचारलाही नाही.

दोर वळणारे हात कोणाचे, हाही एक गुंता आहे. ‘आमच्याकडे सगळा दोर घरीच व्हायचा’ हे वाक्य कुणब्याच्या घरात सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. मोट ओढायचा नाडा, मोटेच्या सोंडेचा सोंदूर, गाडीची चऱ्हाटे असा जड दोर बहुतेक गावांत मातंग कुटुंबे वळत. वाख शेतकऱ्याचा, वळायचे काम त्यांचे, आणि मोबदला सुगीच्या बलुत्यात. शेतकरी घरातले म्हातारे वळत ते दावी, शिंकी, मुसकी, गोफणी, बाजेची सुतळी. तागाबाबत आणखी एक गोष्ट. तो कुजवणे घाण काम मानले जाई, आणि मध्य भारताच्या काही भागांत तर ते पीक घेणे हेच कमीपणाचे समजत. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आला, पण त्याचा रोख वतनी जमिनीवर होता. बलुत्याचा दाणा आटला तो मुख्यतः रोख मजुरीमुळे आणि मोट थांबल्यामुळे.

मोटेचा मुद्दा इथे मध्यवर्ती आहे. घरातल्या एकूण दोरात सर्वांत जास्त वाख खाणारा नाडा. जाड, विहिरीच्या खोलीहून लांब, रोज भिजणारा, चाकावर घासणारा, म्हणून वारंवार बदलावा लागणारा. सोंदूर त्याहून बारीक, पण तोही सतत ओला. साठ-सत्तरच्या दशकांत ऑइल इंजिने आणि विजेचे पंप आले, १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल गेल्या, आणि मोट ओढणे परवडेना. नाडा संपला तसे अंबाडीची वेगळी ओळ राखण्याचे मोठे कारणही संपले. उरलेल्या दाव्या-कासऱ्यांसाठी दोन पेंढ्या पुरत. नायलॉन गावात आले तेव्हा दोर वळण्याचे काम आधीच हलके झालेले होते. त्यात पाण्याची भर पडली. ओढे सुगीतच आटू लागले, आणि कुजवणीने पाणी नासते, मासे मरतात, म्हणून पिण्याच्या विहिरीजवळ पेंढ्या टाकण्यावरून कटकटी वाढल्या. अंबाडी भाजीपुरती राहिली. सोयाबीन पसरल्यावर तर मिसळपिकाची ओळच मोडली.

वळण्याची रीत अजून हातांत आहे तिथे ती अशी. माघ-फाल्गुनात रानातले काम सैल झाले की आढ्याला टांगलेला वाख उतरवायचा. चुलीच्या धुराखाली ठेवलेल्या वाखाला कीड कमी लागते. पाण्याचा हबका मारून तो ओलसर करायचा. कोरडा वाख पिळताना मोडतो. लाकडी भिंगरीने किंवा मांडीवर एका दिशेने पीळ देत सुतळी काढायची. मग तीन पदर जोडून उलट्या दिशेने वळायचे, म्हणजे सुटू पाहणारे दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात. तिपदरी वळताना लांबीचा पाव ते तिसरा हिस्सा पिळात जातो. १२ हातांचा कासरा हवा तर पदर १६ ते १८ हातांचे घ्यावे लागतात. तिन्ही पदरांना पीळ सारखा नसेल तर सैल पदर बाकीच्या दोघांभोवती नुसता गुंडाळला जातो, भार दोघांवर पडतो आणि दोर लवकर तुटतो. नवा वाख जुना संपण्याआधी, टोक निमुळते करून घालायचा, आणि तिन्ही पदरांचे सांधे एका जागी येऊ द्यायचे नाहीत. शेवटी दोर झाडाला ताणून नारळाच्या सोडणाने घासला की कुसळे झडतात. वेसणीचा दोर मुद्दाम मऊ, चांगल्या वाखाचा ठेवतात, कारण तो नाकपुडीत असतो.

नायलॉनची वेसण इथेच चुकते. ती घासून नाक कापते, आणि गाठ सरकते. उलट ती कुजत नाही आणि वर्षभर टिकते, हा हिशेब शेतकऱ्याने केला तो काही मूर्खपणाने नव्हे. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण मात्र तिला लागू नाही. नायलॉन जळले की त्याचा गोळा होतो.

वळणे पूर्ण थांबले असेही नाही. खताच्या प्लास्टिक गोण्या आल्यापासून अनेक गावांत त्यांच्या पट्ट्या उसवून त्याच तीन पदरांचे, त्याच उलट पिळाचे दोर वळले जातात. ओला करायची गरज नाही, कुजवणी नाही, सांधे कमी. उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत पट्टी कडक होऊन तिचा भुगा पडू लागतो आणि तो भुगा गोठ्याच्या शेणात, तिथून उकिरड्यात जातो. अंबाडीचे बी अजून काही घरांत जपलेले आहे, पण ते भाजीचे, फांद्या फुटणारे. त्यातून पुन्हा वाख घ्यायचा तर पेरणी मृगातच उरकावी लागेल, ओळी दाट ठेवाव्या लागतील आणि त्या ओळींचा शेंडा श्रावणातही खुडता येणार नाही.