बॉडीचा माउंट सैल की लेन्सचा? आवळण्याआधी फट शोधा

कॅमेरा हातातून पडला, फोटो अजून निघतायत, पण लेन्स डुलते. लेन्स काढली की बॉडीवरच्या माउंटचे, म्हणजे लेन्स जिथे अडकते त्या कड्याचे, स्क्रू समोर दिसतात आणि हात आधी तिकडेच जातो. मात्र कॅमेऱ्यासोबतच मिळणारी, प्लास्टिक माउंटची किट लेन्स असेल (कॅननची १८-५५ किंवा निकॉनची १८-१०५), तर पडल्यावर आधी तुटतं ते लेन्सच्या पाठीवरचं कडं. तेव्हा बॉडीला हात लावायची गरज बहुतेकदा नसते. चुकीची बाजू उघडली की एका दुखण्याची दोन होतात.

आधी तपासणी. लेन्स बसवून बॉडी एका हातात घट्ट धरा. दुसऱ्या हाताने लेन्स अगदी मुळाशी धरून वरखाली हलवा. झूमची नळी धरू नका, ती स्वतःच थोडी हलते. लेन्स फिरवून पाहिल्यावर किंचित सरकत असेल तर काळजी नको. लॉकची खुंटी खाचेत सहज बसावी म्हणून तेवढी मोकळीक असतेच. वरखाली डुलणं मात्र दोष आहे. डुलवताना टॉर्चच्या उजेडात बघा, केसाएवढी फट नेमकी कुठे उघडते.

लेन्सचं कडं आणि लेन्सची नळी यांच्यामध्ये उघडत असेल, तर दोष लेन्सचा. बॉडीचं कडं आणि कॅमेऱ्याचा पुढचा भाग यांच्यामध्ये उघडत असेल, तर बॉडीचा. दोन कड्यांच्या मधोमध फट दिसली, तर लेन्सचे दात (बॉडीच्या कड्यात अडकणारे तिचे तुकडे) झिजलेत किंवा बॉडीच्या कड्यामागच्या पातळ स्प्रिंगा वाकल्यात. तिथे स्क्रू कितीही आवळले तरी फरक पडत नाही. खात्रीसाठी दुसरी लेन्स लावून बघा. तीही डुलली तर बॉडीच दोषी.

लेन्सचं काम घरी होण्यासारखं आहे. मागे बहुतेक तीन-चार स्क्रू असतात, शिवाय सोनेरी कॉन्टॅक्टचा ठोकळा धरणारे आणखी दोन बारीक. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूंची खाच जेआयएस (जपानी मानक) मापाची असते. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण उतरत नाही, घसरतो आणि डोकं खरवडतो. जेआयएस ड्रायव्हरच घ्या आणि वरून दाबून फिरवा. कडं सुटलं की झटक्याने उचलू नका. कॉन्टॅक्टपासून आत जाणारी रिबन (पातळ, चपटी वायर) सहज फाटते, आणि मग कॅननवर एरर ०१ (लेन्सशी संपर्क तुटल्याची सूचना) येते. कड्याखाली पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच जागी, त्याच क्रमाने परत ठेवा. फोकस त्यांच्यावरच जुळवलेला असतो.

स्क्रू नुसताच फिरतोय, धरत नाही, म्हणजे प्लास्टिकमधले आटे गेले. पडलेल्या किट लेन्समध्ये हे फार होतं. आधी स्क्रू उलटा, सुटण्याच्या दिशेने हळूहळू फिरवा. एका जागी तो ‘टक’ करून खाली बसतो. तिथून सुलटा आवळला की जुन्याच आट्यांत शिरतो. सरळ दाबून फिरवला तर नवे आटे कापतो आणि उरलेलं प्लास्टिकही जातं. तरीही धरला नाही, तर भोकात टाचणीच्या टोकाने दोन भागांचं इपॉक्सी भरा, २४ तास सुकू द्या, हाताच्या बारीक ड्रिलने स्क्रूच्या दांड्यापेक्षा किंचित लहान भोक पाडा. प्लास्टिकला थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) लावू नका, त्याने प्लास्टिकला तडे जातात. कड्याचा दातच तुटला असेल तर चिकटवाचिकटवी नको, नवं कडं बसवा.

बॉडीचं गणित नाजूक. कॅननच्या ईएफ प्रकारात माउंटच्या पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिलिमीटर, निकॉन एफमध्ये ४६.५, सोनी ई-मध्ये १८. ईएफचं तोंड ५४ मिलिमीटर रुंद आहे. कडं एका बाजूला फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या झेरॉक्स कागदाच्या जाडीएवढं उचललं, तर ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर दोन टोकांत जवळपास ०.०७ मिलिमीटरचा फरक पडतो. एफ १.८ एवढ्या मोठ्या अ‍ॅपर्चरवर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) एक कडा धूसर यायला तेवढा पुरतो.

म्हणून बॉडीवर आधी फक्त आवळून बघा. बॅटरी काढा. तोंडाच्या मापाचा कागदाचा गोल कापून आत अडकवा, नाहीतर धातूचा कीस सेन्सरवर पडतो. सगळे स्क्रू आधी हलके टेकवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. स्क्रू धातूत जात असेल आणि वारंवार सुटत असेल, तर कमी ताकदीच्या जांभळ्या थ्रेडलॉकचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरे. लाल नको, तो खूप तापवल्याशिवाय सुटत नाही.

आवळूनही डुलत असेल, तर कड्यामागची चौकट तडकलेली असू शकते. इथे थांबा आणि कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे द्या. कडं काढलं की लॉकच्या खुंटीची स्प्रिंग उडू शकते, आणि पुढचं कव्हर उघडायचं झालं तर अंगच्या फ्लॅशचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट धरून असतो.

काम झालं की ट्रायपॉडवर कॅमेरा विटांच्या भिंतीला समांतर लावा आणि सगळ्यात उघड्या अ‍ॅपर्चरवर, मधल्या विटेवर फोकस करून फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ आले तर ठीक. एकच बाजू धूसर आली, तर लेन्स तीच ठेवून बॉडी बदला. धूसरपणा त्याच बाजूला राहिला तर लेन्सचं कडं पुन्हा उघडा, गेला तर दोष बॉडीचा, ती दुरुस्तीवाल्याकडे द्या.