तपासणीचा आदेश निघाला म्हणजे विमान बाद झालं का?

अमुक मॉडेलच्या विमानांची किंवा हेलिकॉप्टरची तपासणी सक्तीची झाली, अशी बातमी आली की 'ही सगळी सदोष आहेत, यात बसू नका' असे संदेश फिरतात. वर्षानुवर्षं चाललेला हा समज चुकीचा आहे.

असा आदेश, म्हणजे विमान नियामकाचा 'एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह' (उड्डाणयोग्यतेचा आदेश), नेमकं सांगतो: कोणता भाग, किती वापरानंतर, कोणत्या मुदतीत, कशा पद्धतीने तपासायचा. १७ एप्रिल २०१८ला साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीच्या बोईंग ७३७च्या इंजिनाचं पंख्याचं पातं उड्डाणात तुटलं आणि एका प्रवाशाचा जीव गेला. पात्यात धातूच्या थकव्यामुळे तडा गेला होता. तीनच दिवसांत अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने तातडीचा आदेश काढला: ३०,०००हून अधिक फेऱ्या झालेल्या त्या प्रकारच्या इंजिनांची पाती २० दिवसांत अल्ट्रासाउंडने तपासा. बाकीची विमानं उडत राहिली, आणि ते योग्यच होतं. काही आदेश मात्र 'पुढच्या उड्डाणाआधीच तपासा' असे असतात.

पूर्ण ताफा जमिनीवर ठेवणं हा वेगळा आणि विरळा निर्णय. २०१९मध्ये ७३७ मॅक्सबाबत तो झाला. मुदत उलटूनही आदेश न पाळलेलं विमान मात्र कायद्याने उडवताच येत नाही. भीती बाळगायचीच तर त्या विमानाची बाळगावी.